चेहरेपट्टी आणि चित्र

सरकारी नोकरीत शिरणाऱ्या प्रत्येक मनुष्याचे एक वर्णन त्याच्या सेवापुस्तकात नोंदविलेले असते. उंची अमुक, वर्ण सावळा, उजव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण. पेशवाईत या नोंदीला चेहरेपट्टी म्हणत. शिलेदाराची चेहरेपट्टी होई, तशी त्याच्या घोड्याचीही होई. कागदावरचा माणूस आणि पागेत हजर असलेला माणूस एकच आहे एवढी खात्री पटली की तिचे काम संपले. त्या माणसाच्या मनात काय आहे, तो चिडखोर आहे की सोशिक, हे विचारण्याचे कारण चेहरेपट्टी लिहिणाऱ्या कारकुनाला तेव्हाही नव्हते आणि आम्हांलाही नाही.

काही वर्षांपूर्वी मी कुंडम येथील तहसील कचेरीत कामावर होतो. जबलपूरहून दिंडोरी-अमरकंटककडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. हिरन नदी येथेच उगम पावते आणि पुढे नर्मदेला मिळते. आसपासच्या खेड्यांत गोंडांची वस्ती मोठी. माझ्या खुर्चीच्या मागील भिंतीवर राणी दुर्गावतीची एक तसबीर लावलेली होती. हातात तलवार, मागे हत्ती, नजर दूरवर लागलेली. बाजारात मिळतात त्यांपैकीच एक. एके दिवशी कामाची गर्दी ओसरल्यावर एक वृद्ध कोटवार त्या तसबिरीकडे बराच वेळ पाहत उभा राहिला आणि त्याने मला विचारले, “साहेब, राणी खरोखर अशीच दिसत होती का?”

इतिहास विषय घेऊन मी एम.ए. झालो आहे. प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते आणि तेच मी दिले. दादा, राणी १५६४ च्या जून महिन्यात लढाईत पडली. तिला समोर बसवून काढलेले चित्र आपल्यापाशी नाही. हा चेहरा चित्रकाराने मनाने काढला आहे. कोटवाराने मान डोलावली. परंतु त्याचे समाधान झाले नाही हे स्पष्ट दिसत होते, आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नाही. कारण चित्र खोटे आहे असे मी म्हटले खरे, पण ती तसबीर काहीतरी सांगत होती, आणि जे सांगत होती ते अबुल फजलाने अकबरनाम्यात राणीच्या धैर्याविषयी जे लिहिले आहे त्याहून फारसे निराळे नव्हते. दोन बाण लागल्यावर शत्रूच्या हाती जिवंत सापडू नये म्हणून स्वतःच्या हाताने कट्यार खुपसून घेणारी स्त्री दिसावी तशी ती दिसत होती. मग खोटे काय होते?

हा भेद आपल्या पूर्वजांना चांगला ठाऊक होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, ही नोंद ज्या ग्रंथात सापडते तोच हा. त्यात चित्रांचे प्रकार सांगताना राजाने विद्धचित्र आणि भावचित्र असे दोन वेगळे सांगितले आहेत. आरशातल्या प्रतिबिंबासारखे हुबेहूब ते विद्ध. आणि जे पाहताच पाहणाऱ्याच्या मनात शृंगारादी भाव उभे राहतात ते भावचित्र. माझ्या भिंतीवरची राणी ही भावचित्र होती आणि विद्धचित्र मुळीच नव्हती. चेहरेपट्टी ही विद्ध आहे आणि भावाचे तिला वावडे आहे. व्यक्तिचित्र काढणाऱ्या चित्रकाराची खरी अडचण अशी की, त्याला ही दोन्ही चित्रे एकाच कापडावर काढावयाची असतात.

आपल्याकडील जुन्या चित्रपरंपरेने पुष्कळदा एका बाजूने दिसणारा चेहरा पसंत केला. कपाळाची, नाकाची आणि हनुवटीची रेषा एकदा नेमकी साधली की माणूस ओळखू येतो. राहिलेले काम पागोट्याची ठेवण, गळ्यातील कंठा आणि हातातील फूल करतात. ओळख पटविण्यास ही पद्धत उत्तम. पण तिच्यात एकच डोळा दिसतो, आणि मनाचा ठाव लागतो तो बहुधा चेहऱ्याच्या दोन बाजूंमधील फरकावरून. आपल्या मुखाचे दोन्ही अर्ध सारखे नसतात. एक डोळा किंचित अधिक मिटलेला, ओठाचा एक कोपरा किंचित खाली. तीन-चतुर्थांश वळलेल्या चेहऱ्यात हा फरक पकडता येतो. याचा अर्थ बाजूने काढलेल्या चित्रात मन उतरतच नाही असा मात्र नव्हे. १६१८ मध्ये इनायतखान नावाचा दरबारी अफू आणि मद्य यांच्या व्यसनाने खंगून मरणास टेकला तेव्हा त्याचे ते भयंकर रूप पाहून जहांगीर बादशहाने चित्रकारांकडून त्याचे चित्र काढून घेतले. ते आज ऑक्सफर्ड येथे आहे. लोडांच्या आधाराने बसलेला तो अस्थिपंजर, छातीच्या मोजता येणाऱ्या बरगड्या आणि समोर कशावरही न ठरणारी नजर. दुसऱ्याच दिवशी तो मेला. त्या चित्रात कण्हणे नाही, याचना नाही. जगाशी संबंध सुटत चालल्याची एक विलक्षण उदासीनता आहे. मात्र एवढ्या कठोरपणे पाहण्यास बादशहाचा हुकूमच लागतो, आणि बसणाऱ्याच्या अंगी नकार देण्याची ताकद उरलेली नसावी लागते.

मराठ्यांच्या इतिहासात हा प्रश्न ऐरणीवर आणणारे चित्र पुण्यात तयार झाले. स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे जन्मलेला जेम्स वेल्स हा चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस उतरला आणि इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पेशव्यांच्या दरबारी पोहोचला. १७९२ मध्ये त्याने सवाई माधवरावांचे नाना फडणविसांसह एक तैलचित्र रंगविले. आज ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. त्याच्या छापील प्रती आपल्याकडील इतिहासाच्या पुस्तकांतून अनेकांनी पाहिल्या असतील. मध्यभागी रत्नालंकार ल्यालेला अठरा वर्षांचा पेशवा, जवळच साध्या पांढऱ्या वेषातील कृश कारभारी, मागे सेवक.

विद्यार्थीदशेत मी ते चित्र प्रथम पाहिले तेव्हा पेशव्याच्या चेहऱ्यावरचा विषाद पाहून माझे मन हेलावले होते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही मी तसे लिहिले. नानांच्या कडक देखरेखीखाली गुदमरणारा तरुण, पुढे शनिवारवाड्यात उंचावरून खाली कोसळून २७ ऑक्टोबर १७९५ रोजी ज्याचा अंत झाला तो, चित्रात आधीच दुःखी दिसतो, असा माझा सिद्धान्त होता. उत्तराला गुण बरे पडले. कितीतरी वर्षांनी माझ्या ध्यानात आले की, मी चित्र पाहिलेच नव्हते. मी १७९५ साल पाहत होतो. चित्र १७९२ मधले आहे. त्याच वर्षी महादजी शिंदे उत्तरेहून पुण्यास आले आणि बादशहाकडून आणलेली वकील-इ-मुतलक पदाची वस्त्रे त्यांनी मोठ्या समारंभाने पेशव्यांस अर्पण केली. खर्ड्याचा विजय अजून पुढे होता. पुण्याच्या वैभवाचा तो काळ. समोर बसलेला तरुण कंटाळला असेल, तासन्‌तास हलायचे नाही म्हणून त्याचे अंग अवघडले असेल, परक्या गोऱ्या माणसाने आपल्याला असे निरखावे याचा त्याला संकोच वाटला असेल. यांपैकी काहीही त्या गंभीर चेहऱ्यातून वाचता येते. त्यात मृत्यूची छाया घातली ती मी.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही. चेहरा पाहताना आपण त्या माणसाविषयी जे जाणतो ते त्याच्या डोळ्यांत ओततो. कुशल चित्रकार याला वाव ठेवतात. नव्हे, त्यावरच त्यांची भिस्त असते. लिओनार्दो दा विंचीने मोनालिसाच्या ओठांचे आणि डोळ्यांचे कोपरे मुद्दाम धूसर सावलीत विरघळून टाकले. तेथे रेषा नाही, म्हणून पाहणाऱ्याचे मन ती पुरी करते, आणि दर वेळी निराळी पुरी करते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र येथे सावध राहिले पाहिजे. चित्रकाराने किती दिले आणि आपण किती घातले याचा हिशेब त्याला ठेवावाच लागतो. जमाखर्चाची सवय असलेल्या माणसाला हे कठीण जाऊ नये, पण जाते.

नानांच्या बाबतीत हा हिशेब अधिक विश्वासाने मांडता येतो, कारण ताडून पाहण्यास दुसरे एक चित्र आहे आणि ते त्यांनी स्वतः काढलेले आहे. आपल्या पूर्वायुष्याची हकीकत नानांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पानिपतापर्यंतचा आणि तेथून सुटून येण्यापर्यंतचा तो वृत्तांत. त्या धामधुमीत त्यांची आई त्यांना कायमची अंतरली. त्या लेखनात नाना आपल्या देहाच्या वासना, मनाचे दुबळेपण, ईश्वरचिंतनाची ओढ आणि प्राणभय काहीही न लपविता सांगतात. मराठेशाहीतील दुसऱ्या कोणा मुत्सद्द्याने स्वतःविषयी इतके उघडे लिहिल्याचे मला आठवत नाही. आणि वेल्सच्या चित्रातील पन्नाशीचे नाना पाहावे तर लांबट कृश चेहरा, सरळ नाक, पातळ मिटलेले ओठ; सगळी दारे बंद. कोणते नाना खरे? मला वाटते, दोन्ही. पानिपताच्या रानात जीव मुठीत धरून पळालेल्या तरुणानेच पुढे तीस वर्षांत तो बंद चेहरा कमावला. ज्याची सारी राजनीती मनातले ओठावर येऊ न देण्यावर उभी होती, त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही हेच चित्रकाराने दाखविले असेल, तर त्याने स्वभाव अचूक टिपला असे म्हणावयास हवे.

वेल्सने महादजी शिंद्यांचेही चित्र काढले. स्थूल, सावळे, भरल्या गालांचे महादजी नानांच्या शेजारी मनाने ठेवून पाहावेत. पानिपतावर पाय कायमचा अधू झालेला हा दुसरा पुरुष. बैठकीच्या चित्रात ते लंगडेपण दिसत नाही, पण आपल्या शरीराचे ओझे स्वस्थपणे वाहणारा माणूस दिसतो. एकाच पराभवातून वाचलेल्या दोघांच्या दोन तऱ्हा एकाच परक्या हाताने रंगविलेल्या आहेत, हे मला नेहमी नवल वाटते.

परका हात म्हटले, पण तो एकटा नव्हता. पुण्याचे गंगाराम चिंतामण तांबट हे चित्रकार मॅलेटसाठी रेखाटने करीत आणि वेल्सच्या हाताखाली त्यांनी काम केले. वेरूळच्या लेण्यांची त्यांची रेखाटने प्रसिद्ध आहेत. १७९० मध्ये त्यांनी पेशव्यांच्या शिकारखान्यातील एक गेंडाही काढला. मला तो गेंडा फार आवडतो. कैदेतल्या जनावराचे अवजड औदासीन्य त्यात उतरले आहे. पुढच्या एका भव्य दरबारचित्रातील कित्येक सरदारांपेक्षा त्या गेंड्याला मन अधिक आहे, असे म्हटल्यास कोणी रागावू नये.

ते दरबारचित्र म्हणजे मॅलेट आणि पेशवे यांच्यातील १७९० च्या तहाचा प्रसंग. त्याची पूर्वतयारी वेल्सने केली. पण कान्हेरीच्या लेण्यांवर काम करीत असताना तो आजारी पडला आणि १७९५ मध्येच साष्टीत वारला. सवाई माधवराव गेले तेच वर्ष. त्याची रेखाटने मॅलेटने इंग्लंडला नेली आणि थॉमस डॅनियल याने त्यांवरून १८०५ मध्ये मोठे तैलचित्र पुरे केले. तोवर महादजी, पेशवा, नाना सगळे काळाच्या पडद्याआड गेलेले. वसईचा तह होऊन पेशवाईचे स्वातंत्र्यही गहाण पडलेले. चित्रात पुष्कळ माणसे आहेत, पोशाख बिनचूक आहेत, महाल दिमाखदार आहे. परंतु छापील प्रतीवरून तरी मला असे वाटते की, येथे चेहरे आहेत आणि बसणारे नाहीत. ज्याने रंग दिला त्याच्यासमोर ती माणसे कधी कंटाळली नाहीत, खाकरली नाहीत, उठून गेली नाहीत. चित्रकार आणि बसणारा यांनी एका खोलीत घालविलेल्या वेळाला पर्याय नसावा. पहिल्या घटकेत माणूस आपला ठेवणीतला चेहरा धारण करतो. दुसऱ्या घटकेला तो थकतो. तिसऱ्या घटकेला स्वतःचे घर, कर्ज, मुलीचे लग्न असे काही त्याच्या मनात येते आणि तेव्हा चित्रकाराचा कुंचला चालू असेल तर काहीतरी हाती लागते.

आमच्या घरी याचा एक अनुभव आला. माझे वडील जबलपूरला शाळामास्तर होते. त्यांच्या मागे आम्ही शहरातील एका वृद्ध चित्रकाराला त्यांची तसबीर करावयास सांगितले. शाळेच्या एका सामुदायिक छायाचित्राखेरीज त्याला देण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. त्याने काम इमानाने केले. नाक, कान, टोपीची तिरकी कड सगळे बरोबर. आईने चित्र पाहिले आणि म्हणाली, “सगळं त्यांचंच आहे रे. पण हे इतके गप्प कधी बसले होते?” मी चित्रकाराला संकोचत हे सांगितले. तो रागावला नाही. तो घरी आला, आईसमोर बसला आणि तासभर त्याने चेहऱ्याविषयी एक अक्षरही विचारले नाही. शाळेतून आले की छत्री कुठे ठेवीत? मुलाचे उत्तर चुकले तर काय करीत? ऐकताना मान कोणत्या अंगाला कलती करीत? आई सांगत गेली. मध्येच हसू लागली. चित्रकार तिच्या हसण्याकडे पाहत होता.

आठ दिवसांनी चित्र परत आले. बदल शोधूनही सापडेना इतका थोडा. खालची पापणी जरा वर आलेली, गालाचा उंचवटा थोडा उजळलेला, आणि एक खांदा उतरता केलेला. एवढ्यानेच वडील आता कोणत्याही क्षणी माझी चूक काढतील असे वाटू लागले. फ्रेंच वैद्य ड्यूशेन याने १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवरील आपल्या ग्रंथात हेच दाखविले होते, हे मी पुढे वाचले. ओठ हवे तेव्हा ताणता येतात. पण डोळ्याभोवतीचा स्नायू हुकमाने हसत नाही, तो मन हसले तरच हलतो. जबलपूरच्या त्या म्हाताऱ्याने ड्यूशेनचे नाव ऐकले नसावे. त्याने आईकडून ती पापणी मिळविली होती.

त्या चित्राला विद्ध म्हणावे की भाव? आधीचे छायाचित्राबरहुकूम होते आणि खोटे वाटले. नंतरचे ऐकीव माहितीवर केलेले आणि खरे वाटले. पण आई होती म्हणून. तिच्याशिवाय चित्रकाराने तीच पापणी उचलली असती तर ती त्याची कल्पना ठरली असती.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकर यांनी केलेली बालगंधर्वांची दोन चित्रे आहेत. १९६८ मध्ये ते रंगमंदिर उघडले, तेव्हा नारायणराव राजहंसांना जाऊन वर्ष होत आले होते. एका चित्रात ते पुरुषवेषात, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत. नाटकाला आलेले लोक दोन्हींसमोर थांबतात. एकाच माणसाचे दोन स्वभाव म्हणावेत, की एक स्वभाव आणि एक भूमिका? मी एकदा तेथे उभा असता एक वयस्क बाई आपल्या नातीला स्त्रीवेषातील चित्राकडे बोट दाखवून म्हणत होत्या, “हे खरे बालगंधर्व.” मला आधी हसू आले. मग वाटले, हजारो प्रेक्षकांसमोर पाचपाच तास जे रूप धारण केले ते रूप, आणि घरी आरशात दिसणारे रूप, यांतील खरे कोणते हे ठरविण्याचा अधिकार चेहरेपट्टी लिहिणाऱ्या कारकुनाला कोणी दिला?

शिवछत्रपतींच्या बाबतीत तर महाराष्ट्र कित्येक वर्षे एका भलत्याच माणसाच्या चित्रापुढे हात जोडीत होता. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये डच साधनांतून मिळालेले चित्र प्रसिद्ध केले तेव्हा ही चूक दुरुस्त झाली. आधीचे चित्र पाहूनही लोकांना महाराजांचे शौर्य दिसतच होते, हे विसरता येत नाही. आणि सुरतेच्या इंग्रज वखारीतील धर्मोपदेशक एस्कॅलिओट याने १६६४ मध्ये पत्रात लिहून ठेवलेली खूण, महाराज बोलू लागले की हसल्यासारखे दिसतात ही, कोणत्याही चित्रात पूर्णपणे उतरणे कठीण, कारण ती चेहऱ्याची नसून हालचालीची आहे. पण चित्र खरे आहे की नाही हे ताडण्यास ती एक ओळ मला दहा अलंकारांच्या यादीपेक्षा मोलाची वाटते.

राणी दुर्गावतीविषयी अशी ओळ मिळाली असती तर कोटवाराला मी निराळे उत्तर दिले असते. तो विषय माझ्या मनातून जात नव्हता, याला आणखी एक कारण होते. गढा-मंडल्याचे हे राज्य १७८१ मध्ये बुडविले ते सागरच्या मराठ्यांनी, पेशव्यांच्या नावाने, पुण्यात नानांचा कारभार चालू असताना. शेवटचा राजा नरहरशहा कैदेत गेला. वेल्सच्या चित्रातील त्या बंद चेहऱ्यामागे कुंडमच्या या रानाचा विचार एखादा क्षण तरी आला असेल का, असे मी त्या खुर्चीत बसून मनाशी विचारीत असे. माझ्या मागच्या भिंतीवर राणी होती आणि पुढच्या टेबलावर मराठी आडनावाची पाटी.

कुंडमहून माझी बदली होण्याच्या सुमारास त्या कोटवाराला नवे ओळखपत्र करून द्यावयाचे होते. छायाचित्र हवे म्हणून त्याला बाजारातील दुकानात पाठविले. तासाभराने तो परत आला आणि त्याने ती छोटी चौकोनी छायाचित्रे माझ्यापुढे ठेवली. डोळे विस्फारलेले, मान ताठ, ओठ गच्च आवळलेले. मी नियमाप्रमाणे चेहरा ताडून पाहिला. उजव्या गालावरचा तीळ जागच्या जागी होता.

“आपलाच आहे ना, दादा?” मी विचारले.

“तीळ माझा आहे, साहेब,” तो म्हणाला आणि मागच्या भिंतीकडे पाहून हसला, “पण हा माणूस घाबरलेला दिसतो. दुकानदार म्हणाला, हसू नका, सरकारी काम आहे.”

मी छायाचित्र अर्जाला चिकटविले आणि त्यावर अर्धी सही कागदावर, अर्धी त्याच्या खांद्यावर येईल अशी सही केली.